दरवेशी गेला, पण अस्वलाची सुटका झाली का?

फारसीत दरवेश म्हणजे फकीर. मराठीत दरवेशी म्हणजे अस्वल नाचवणारा. 'कलंदर' या शब्दाचंही तेच झालं. सुफी परंपरेत दुनियेची फिकीर सोडलेला माणूस म्हणजे कलंदर, आणि उत्तर भारतातल्या रस्त्यावर अस्वलवाला म्हणजे कलंदर. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी आणि अस्वलवाले ही नावं आजही आहेत. हा समाज बहुतांश मुसलमान. डमरू वाजवत गावोगाव फिरायचं, अस्वलाला दोन पायांवर उभं करायचं, लहान पोरांना त्याच्या पाठीवर बसवायचं, भीती जावी म्हणून त्याचे केस तावीजात घालून द्यायचे, असा हा पिढीजात धंदा. तावीज घेणाऱ्या आया सगळ्याच धर्मांच्या होत्या.

या धंद्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर लागतात. एक म्हणतो, गरीब मुसलमानांच्या पोटावर कायद्याचा पाय पडला. दुसरा म्हणतो, ही जमातच क्रूर. मला दोन्ही मान्य नाहीत.

आधी क्रौर्याबद्दल स्पष्ट बोलू. नाचणारं अस्वल जंगलात आईच्या पाठीवर बसून फिरणारं पिल्लू असायचं. शिकारी बहुतेक वेळा आईला मारून ते पिल्लू आणायचे. मग तापवलेल्या सळईने त्याच्या नाकाला, तोंडाच्या वरच्या भागाला भोक पाडून त्यातून दोरी ओवायची. दात पाडायचे, नखं कापायची. पुढे दोरीला झटका बसला की ते दुखण्याने उभं राहायचं, आणि लोक त्याला नाच म्हणायचे. जनावराच्या तोंडावर डाग देण्याला इस्लामने मनाई केली आहे. तेव्हा 'आमची परंपरा' म्हणून याची पाठराखण निदान आपण तरी करू नये.

कायद्यानेही ते बंद केलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे अस्वल आहे. तरी धंदा चालू राहिला, कारण पोट होतं. 2002 साली आग्र्याजवळ सूर सरोवर अभयारण्यात 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने अस्वलांसाठी केंद्र सुरू केलं. अस्वल सोडून देणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या कामासाठी भांडवल दिलं, मुलांना शाळेत घातलं, बायकांना शिवणकामासारखे उद्योग शिकवले. सहाशेहून अधिक अस्वलं सुटली आणि 2009 च्या शेवटी शेवटचं नाचणारं अस्वल केंद्रात आलं. नुसत्या बंदीने जे जमलं नव्हतं, ते रोजगाराची सोय झाल्यावर जमलं.

पण या सगळ्या हिशेबात एक माणूस सुटला. तो म्हणजे बघणारा. आग्रा-फतेहपूर सिक्री रस्त्यावर कलंदर अस्वल घेऊन उभा राहायचा, कारण तिथे पर्यटकांच्या गाड्या थांबायच्या. खिडकीची काच खाली व्हायची, फोटो निघायचा, नोट हातावर पडायची. दोरी कलंदराच्या हातात होती, पण ती ओढण्याचे पैसे कॅमेऱ्याचे होते. गुन्हेगार मात्र एकटा कलंदर ठरला.

तो कॅमेरा कुठे गेला? तो जंगलात गेला. आता त्याच्यापुढे लांब भिंग आहे, त्याला छंद म्हणतात आणि बक्षीसही देतात. छंद वाईट नाही. अस्वल बघावं असंच जनावर आहे. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. नाकपुड्या मिटून, ओठ नळीसारखे पुढे काढून ते वारुळातली वाळवी अशी ओढतं की तो आवाज दूरवर ऐकू जातो. 2018 साली ताडोबात पिल्लाला वाचवण्यासाठी एक मादी वाघाशी झुंजली, त्याची दृश्यं अनेकांनी पाहिली. तिथे त्या मादीला कुणी काही करायला लावलं नव्हतं. बघणारे फक्त हजर होते.

माझा आक्षेप हजर राहण्याला नाही. अस्वलाला आपल्यासाठी काही करायला लावण्याला आहे. कर्नाटकात दरोजी अस्वल अभयारण्य आहे. तिथे दुपारी कर्मचारी खडकांवर गोड पाक लावून येतात. अस्वलं तो चाटायला येतात आणि लोक समोरच्या मनोऱ्यावरून बघतात. अंतर राखलं जातं, कुणी कुणाला त्रास देत नाही, शिवाय त्या भागातल्या अस्वलांना अभयारण्यामुळे हक्काची जागा मिळाली, हे मान्य. तरीही ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खडकावर, बघणाऱ्यांच्या सोयीने जनावर यावं यासाठी जे वापरलं जातं, ती वेसणच आहे. नाकातून गेलेली नाही, पोटातून गेली आहे.

बाकीचे प्रकार याहून वाईट आहेत. 2018 च्या मे महिन्यात ओडिशातल्या नबरंगपूर जिल्ह्यात जखमी अस्वलासोबत सेल्फी काढायला गेलेला माणूस जिवानिशी गेला. त्याच वर्षी रशियातल्या मगदान भागातला एक व्हिडिओ जगभर फिरला. बर्फाच्या उभ्या कड्यावर पिल्लू पुन्हा पुन्हा घसरतं आणि शेवटी आईजवळ पोचतं. लोकांनी त्यातून जिद्दीचा धडा घेतला. प्राण्यांच्या अभ्यासकांनी मात्र सांगितलं की ती मादी डोक्यावरच्या ड्रोनला घाबरली होती आणि म्हणूनच पिल्लासह त्या कड्यावर अडकली होती. म्हणजे आपण ज्याला जिद्द म्हणून टाळ्या वाजवल्या, ती धास्ती होती. दरवेशाच्या खेळाला तरी आपण वेगळं काय करत होतो?

नीट बघता येतं, हे जगाने दाखवलं आहे. अलास्कातल्या मॅकनील नदीवर सामन मासे पकडायला तपकिरी अस्वलं मोठ्या संख्येने जमतात. तिथे 1973 पासून परवाने सोडत काढून देतात आणि दिवसाला फक्त दहा माणसांना सोडतात. सोबत जाणकार असतो, बसायची जागा ठरलेली असते, खायला काही टाकायचं नाही. माणसं रोज तशीच वागतात, म्हणून अस्वलं त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. ते दुर्लक्ष हेच तिथलं यश. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर दूर राहणं बंधनकारक आहे. फोटो लहान आला तर येऊ द्या, हा त्या नियमाचा अर्थ.

आपल्याकडच्या अस्वलाला तर हे अंतर जास्तच लागतं. त्याची नजर अधू, आणि खाण्यात गुंतलं की त्याला आजूबाजूचं भान नसतं. माणूस अचानक जवळ दिसला की ते पळण्याआधी अंगावर येतं. विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्यातल्या काहींचे चेहरे अस्वलाच्या नखांनी कायमचे बदलले आहेत. गाडीतून पाठलाग करून, वाट अडवून चिडवलेलं अस्वल दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याला भेटत नाही, मोहफुलं वेचणारीला भेटतं.

म्हणून मला दोन गोष्टी हव्यात. एक, अस्वलाचा कुठलाही फोटो छापताना, त्याला बक्षीस देताना किंवा पुढे ढकलताना विचारा की तो कसा मिळाला. किती अंतरावरून? खायला काय ठेवलं होतं? ड्रोन होता का? उत्तर नसेल तर टाळीही नको. दुसरी, ज्यांच्या हातातून दोरी काढून घेतली, त्यांना या नव्या बघण्यात जागा द्या. अस्वलाची चाल, खाणं, राग हे सारं कलंदरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सुटलेल्या अस्वलांची देखभाल करायला पूर्वीचे कलंदर कामाला लागलेही आहेत. तसंच आपल्या दरवेशी कुटुंबांतल्या मुलांना जंगलात वाटाडे, निरीक्षक, कॅमेरा ट्रॅप सांभाळणारे म्हणून का घेऊ नये? सफारीचा पैसा जंगलात येतोच आहे, त्यातला थोडा त्यांच्या घरीही जाऊ दे.

कायदा दरवेशाला लागू झाला, ते योग्यच झालं. आता तोच न्याय महागड्या कॅमेऱ्यालाही लागू करा. करमणुकीसाठी अस्वल नाचवणं गरिबाने केलं तर क्रौर्य आणि श्रीमंताने केलं तर निसर्गप्रेम, हा भेद मला मान्य नाही.