पडद्यावरची अंगठी, कारागिराची नजर

दागिन्यांचे डिझाइन आता संगणकावर होते. पण पडदा सपाट आणि दागिना भरीव. माऊस दोनच दिशांना सरकतो, खोली अंदाजाने धरावी लागते. समोरून कड्यावर बसलेले कोंदण बाजूने पाहावे तर अधांतरी! म्हणूनच १९६३ साली एमआयटीत झालेल्या ‘स्केचपॅड तीन’मध्ये वरून, समोरून, बाजूने व तिरकस अशी चार दृश्ये एकत्र दाखवली, आजही तीच रीत आहे. शिवाय मोठे करून पाहिले की पातळ पत्राही जाड भासतो. तेव्हा व्यापारी बंधूंनी नुसत्या चित्रावर पसंती देऊ नये. जाडी मिलिमीटरमध्ये तपासावी, मेणाचा नमुना हाती घेऊनच ओतकामाला परवानगी द्यावी. कारागीर बंधूंनीही संगणकाला बिचकू नये. चार चित्रांतून एक वस्तू मनात उभी करणारी नजर त्यांच्याकडे आधीच आहे; माऊस तेवढा शिकायचा आहे.