फटफटी आणि हरिणी

आमच्या घरांत फटफटीचें वेड एकट्या पुतण्यास आहे. इतर मंडळींना ती बाजारहाटापुरती आठवते. म्हणून गेल्या माघांत साताऱ्याहून सांगलीस येतांना त्याला जो अपघात झाला, त्याचा दोष वडील माणसांनीं फटफटीवरच ठेवला. दोष तिचा नव्हता. परंतु पुढील तीन दिवस तिच्यापाशीं बसून आम्हीं जें पाहिलें तें वाचकांस सांगावेंसें वाटतें. कारण हल्लीं बहुतेक घरांपुढें एखादी तरी फटफटी उभी असतेच.

सूनबाईंस मागें बसवून तो कऱ्हाडवरून निघाला, देवराष्ट्र्यास आमच्या स्नेह्यांकडे चहास थांबला, व दिवेलागणीस ताकारीच्या रस्त्यास लागला. वाटेंत सागरेश्वरचें अभयारण्य आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासानें उजाड डोंगरावर झाडें उभीं राहिलीं, हरणें आणून सोडण्यांत आलीं, आणि १९८५ सालीं सरकारनें त्यास अभयारण्याचा दर्जा दिला. क्षेत्र सुमारें ११ चौरस किलोमीटर, आणि भोंवतीं उसाचे मळे. तेव्हां कुंपण असलें तरी चितळ बाहेर येतात यांत नवल नाहीं. एक नर रस्ता ओलांडून गेला व पुतण्यानें पुन्हा वेग घेतला. चितळ कळपानें हिंडतात, एकामागें दुसरें असावयाचेंच, हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं. मागून मादी आली.

दोघांचें खरचटण्यावर निभावलें. हरिणी रस्त्याच्या कडेस धापा टाकीत पडली होती. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर वर्दी दिली. जमलेल्यांपैकीं एका गृहस्थानें तिला आपल्या गाडींतून नेण्याची तत्परता दाखविली. हेतु कोणता तें आम्ही विचारीत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें चुकून मारलें गेलेलें असें जनावरहि सरकारचें असतें. वनरक्षक येईपर्यंत तिचा प्राण गेला होता.

फटफटीचा दिवा फुटला होता व चिखलरोधक चेपला होता. पुतण्यानें समोर उभें राहून नीट पाहिलें. पुढचे दोन्ही पाईप समांतर, हँडल सरळ. "३०-४० च्या वेगानें सहज जाऊं," असें त्याचें मत पडलें. सूनबाईंनीं बसण्यास साफ नकार दिला, म्हणून स्वारी टेंपोंतून घरीं आली.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्री आला तो समोर न बसतां बाजूस बसला. पुतण्याचा निष्कर्ष ऐकून हंसला व आम्हांस म्हणाला, "काका, समोरून बघून काय कळणार? दोन्ही पाईप सारखेच मागं वाकलेत. एकाला दुसऱ्याची साक्ष!"

बाजूनें पाहतां आम्हांलाहि तें दिसलें. हँडलखालीं दोन्ही पाईप जखडून ठेवणारा जो भाग असतो, त्यास मिस्त्रीलोक 'टी' म्हणतात. तेथवर रेषा सरळ होती; त्याखालीं ती किंचित् मागें कलली होती. धडक बसते चाकाला, चाक मागें रेटलें जातें आणि पाईप तर वर घट्ट धरलेला. मग तो त्या पकडीच्या खालींच वांकणार. चाक इंजिनाकडे दोन बोटें सरकलें होतें.

मग पुढील चाक अधांतरीं करून त्यानें हँडल एका बोटानें सावकाश फिरविलें. मध्यावर येतांच तें खांचेंत बसल्यासारखें अडे. धडकेनें आंतील छर्ऱ्यांनीं आपल्याच वाटींत खळगे पाडले होते. सरळ रस्त्यावर हँडल नेमकें याच जागीं असतें, व तोल सांवरण्यास जी बारीक हालचाल लागते तीच येथें अडणार! पुतण्या गप्प झाला. चाक फिरवून जवळ खडू धरला, तों एके ठिकाणीं रेघ उमटली. तो दोष मात्र तारा आवळून गेला.

पाईप बाहेर काढून दुकानांतील जाड कांचेवर लोटला. चांगला पाईप मुकाट्यानें घरंगळत जातो. हा प्रत्येक फेऱ्यास उचलला जाई व खालून उजेड दिसे. दाबून सरळ करावा, तेवढाच खर्च वांचेल, असें आम्हींहि सुचविलें. मिस्त्रीनें पाईपावरील बारीक सुरकुतीवरून नख फिरविलें. "सरळ होईल काका, पण कधीतरी इथंच तुटंल." दोन्ही पाईप, सीलें व छर्ऱ्यांचा कोनसेट नवा आला, तेल मापून दोहोंत सारखें घातलें. हँडल दोन्ही अंगांस पुरतें वळवून, मूठ सोडतांच ॲक्सिलरेटर मागें येतो कीं नाहीं, तेंहि पाहिलें. पुतण्याच्या शिरस्त्राणावर एकच ओरखडा होता. तरी तें आम्हीं बदलविलें, कारण त्याच्या आंतील थर एकदां दबला कीं पुन्हा पूर्ववत् होत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं पुतण्या एकटाच कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन आला. गाडी बिनतक्रार चालली. सूनबाई दारांत उभ्या होत्या. गाडीविषयीं त्यांनीं कांहींच विचारलें नाहीं. त्या हरिणीमागें पाडस होतें का, एवढेंच विचारलें. नव्हतें, असें त्यानें सांगितलें. त्याला मागें पाहण्यास सवड झाली नव्हती, हें आम्हांला ठाऊक होतें.