दंड भरा आणि गाडी घेऊन जा!

रेशनचा तांदूळ काळ्या बाजारात नेणारा ट्रक पकडला, ही बातमी आपण वाचतो. त्या ट्रकचं पुढे काय झालं, हे कुणी छापत नाही. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ चं कलम ६-अ काढून बघा. जिल्हाधिकारी माल आणि वाहन दोन्ही सरकारजमा करू शकतात. पण वाहन भाड्याने चालणारं असेल तर मालकाला पर्याय द्यावाच लागतो : वाहन द्यायचं नसेल तर दंड भरा. आणि हा दंड पकडलेल्या मालाच्या बाजारभावापेक्षा जास्त असू शकत नाही. समजा ट्रक पंधरा लाखांचा आणि आत एक लाखाचा तांदूळ. जास्तीत जास्त एक लाख मोजायचे आणि ट्रक दारात उभा करायचा. तांदूळ मात्र आपल्या वस्तीच्या ताटातला होता.

कुणी म्हणेल, कर्ज काढून टेम्पो घेतलेल्या गरिबाचं काय? रास्त प्रश्न आहे. पण मालक, त्याचा हस्तक आणि चालक यांना गुन्ह्याची माहिती नव्हती आणि त्यांनी पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध झालं तर वाहन सरकारजमा होतच नाही. ती तरतूद ६-ब मध्ये वेगळी आहे. चालकाने फसवलेल्या मालकाला दंडाचा पर्याय हवा, हेही मान्य. पण नफ्यात भागीदार असलेल्या मालकालाही तोच पर्याय, त्याच मर्यादेत मिळतो. त्याच्यासाठी तो दंड नाही, धंद्याचा खर्च आहे.

कुणाच्या मालमत्तेला हात लावायचा, हा या देशात जुना जातीचा प्रश्न आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी मनुस्मृती जाळली, तिच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाने कोणताही अपराध केला तरी त्याला धनासह, अंगाला इजा न करता देशाबाहेर पाठवावं असं सांगितलं आहे. शूद्र दासाचं धन मात्र त्याच अध्यायाच्या शेवटी खुशाल घेता येतं.

आता आपल्या हातातल्या कायद्याकडे या. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ चं कलम ७. आरोपी दोषी ठरला तर शिक्षेशिवाय, गुन्ह्यात वापरलेली त्याची स्थावर-जंगम मालमत्ता विशेष न्यायालय सरकारजमा करू शकतं. जमाव घेऊन आलेली जीप, झोपडीवर घातलेला ट्रॅक्टर. इथे दंड भरून सोडवून घेण्याचा पर्याय लिहिलेलाच नाही! शिवाय खटला चालू असतानाच आरोपीची मालमत्ता जप्त ठेवता येते आणि पुढे दंडाची रक्कम त्यातून वसूल होऊ शकते.

मग अडतं कुठे? कायद्यात 'करू शकतं' असं आहे, 'केलंच पाहिजे' असं नाही. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि आपण मागतच नाही. एफआयआर, कलम ३ ची पोटकलमं, अटक, अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता, इथे आपली धावपळ संपते. मी स्वतः कित्येक वर्षं हे कलम वाचून पुढे सरकलो आहे.

दरम्यान गाडी बंधपत्रावर सुटते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात पोलीस ठाण्यात वाहनं सडवत ठेवू नका असं सांगितलं, ते योग्यच आहे. पण सुटलेली गाडी विकली गेली तर कलम ७ कशावर लावणार? कलमात मालमत्ता आरोपीची असावी लागते, आणि नाव बदलायला भाऊ, मेहुणा तयारच असतात.

म्हणून मित्रांनो, पंचनाम्यात गाडीचा नंबर आणि आरसीवरचं मालकाचं नाव आलं का, ते पहिल्याच दिवशी बघा. विशेष सरकारी वकिलांमार्फत जप्तीचा अर्ज द्यायला लावा. गाडी सुटणारच असेल तर विकायची नाही, निकालाच्या वेळी हजर करायची, अशी अट मागा. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ प्रमाणे पीडिताला शिक्षेच्या मुद्द्यावर लेखी म्हणणं देता येतं. त्या कागदावर कलम ७ ची मागणी स्पष्ट शब्दांत लिहा, आणि त्याची पोच घ्या.