पेटी केवढी, मासे किती ?

दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत काचेची पेटी ठेवून तींत रंगीत मासे बाळगण्याची हौस आतां पुष्कळ घरांत दिसून येते. हौस निर्दोष आहे. मुलांच्या निरीक्षणशक्तीस ती चालना देते आणि थकल्याभागल्या मनास विरंगुळा देते. परंतु दुकानांत उभे राहिल्यावर प्रत्येक गृहस्थापुढें एक प्रश्न येतो : आपल्या पेटींत मासे किती मावतील ? आमच्या मतें प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे. किती मावतील हें काच सांगते. किती जगतील हें पाणी सांगतें. ऐकावयाचें तें पाण्याचें.

मासा खातो, आणि त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया हें विष सतत पाण्यांत उतरत असतें. नदींत तें विरून जातें. पेटींत त्यास जावयास वाट नसते. वाळूंत व गाळणींत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानानें सौम्य असून, दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलल्यास तें आटोक्यांत राहतें. जंतूंची ही वसाहत नव्या पेटींत जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हां रविवारीं पेटी आणली, सोमवारीं डझनभर मासे सोडले आणि पुढच्या रविवारीं ते उलटे तरंगूं लागले, तर त्यांत दैवाचा दोष नाहीं.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. ३० अंशांस तो साडेसातांवर येतो. उलट उष्म्यानें माशाची गरज मात्र वाढते. चैत्र-वैशाखांत वीज गेली व हवेचा पंप बंद पडला, कीं दाटीच्या पेटींतील मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं लागतात. विरळ पेटी तेवढा वेळ निभावून नेते.

आतां हिशेब पाहूं. १८ इंच लांब, १२ इंच रुंद व १२ इंच उंच अशा पेटींत कडेपर्यंत सुमारें ४२ लिटर पाणी राहतें; वाळू व वरची मोकळी जागा वजा जातां ३५ लिटर धरावें. चार लिटरांस एक इंच मासा असा जुना आडाखा आहे, त्यानें नऊ इंच झाले. म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर दीड इंचाचा होणारा झेब्रा किंवा निऑन टेट्रा असेल, तर सहा. एवढेच ! हे मासे थव्यानें राहणारे असल्यामुळें दोन-दोन नमुने गोळा करण्यापेक्षां एकाच जातीचे सहा असणें त्यांस मानवतें. डांस आवरण्यासाठीं पाण्यांत सोडतात ते गप्पी ठेवावयाचे, तर केवळ नर ठेवावेत. माद्या महिन्या-महिन्यास पिलें देतात, आणि मग कोणताच हिशेब उरत नाहीं.

हा आडाखा लहान, सडपातळ माशांपुरताच खरा. दीड इंचाचा मासा चौपट लांब झाला, तर त्याचें वजन चौपट नव्हे, चौसष्टपट होतें. खाणें व मळ त्याच मानानें वाढतात. म्हणूनच आम्हांस गोल्डफिशविषयीं विशेष सांगावयाचें आहे. दुकानांत तो दोन इंचांचा दिसतो. नीट जगला तर सहा इंचांहून मोठा होतो व दहा वर्षेंही जगतो. असें असतां फेंगशुईच्या समजुतीनें आठ सोनेरी व एक काळा असे नऊ गोल्डफिश लहानशा पेटींत ठेवण्याचा प्रघात पडला आहे. ज्या चीनमध्यें हा मासा हजार वर्षें जोपासला गेला, तेथें तो तळ्यांत व मोठ्या रांजणांत राहत असे. नवाचा आंकडा शुभ असेल. पण दर पंधरवड्यास एक मेलेला मासा काढून त्याच्या जागीं दुसरा आणण्यांत कोणतें शुभ आहे? आमच्या ३५ लिटरांत गोल्डफिश एकही ठेवूं नये.

१८५० सालीं लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें मासे, वनस्पति व गोगलगाई यांचा मेळ घालून पाण्याचें संतुलन राखण्याचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच्या मोठ्या काचपात्रांत लहान मासे होते दोनच. घरगुती मत्स्यपेटीच्या इतिहासाचा आरंभ अशा संयमानें झाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. आजोबा सकाळीं चिमूटभर दाणे टाकतात, काकू दुपारीं, मुलें शाळेंतून येतांच, आणि प्रत्येकास वाटतें कीं मासे उपाशी आहेत. न खाल्लेला दाणा कुजून पुनः अमोनियाच होतो. सहा माशांच्या पेटीवर बारांचा भार पडतो. यास्तव दाणे घालण्याचें काम एकाच व्यक्तीकडे असावें, आणि दोन मिनिटांत संपेल तेवढेंच घालावें. तसेंच सणावाराच्या साफसफाईच्या उत्साहांत पेटी रिती करून वाळू व गाळणी नळाखालीं खळखळून धुऊं नये. त्या पाण्यांतील क्लोरिननें उपकारक जंतू मरतात. गाळणी पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत विसळावी.

मुलें आणखी मासे मागतील, पेटी रिकामी दिसते म्हणून कुरकुरतील. वडील माणसांनीं तेव्हां नकार द्यावा, पण कारण सांगून द्यावा. मासा आपण होऊन आपल्या घरीं आलेला नाहीं. त्यास आपण आणलें, आणि ती पेटी सोडून जाण्याची मुभा त्यास नाहीं. ज्यास जातां येत नाहीं त्याच्या वाट्यास जागा व स्वच्छ पाणी येईल हें पाहणें आणणाऱ्याचें कर्तव्य आहे. सहा मासे वर्षभर नांदतांना पाहून मुलें जें शिकतील, तें वीस माशांच्या गर्दींतून शिकणार नाहींत.