मातृत्व आणि हजेरीपट

मुंबई इलाख्यात १९२९ साली गिरणीतील मजूर स्त्रीस प्रसूतिभत्त्याचा हक्क कायद्याने मिळाला. पीएच्. डी. करणाऱ्या स्त्रीस २४० दिवसांच्या रजेची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली केली व २०२२ साली कायम ठेविली. एम्. ए.च्या विद्यार्थिनीविषयी मात्र, नियम करावेत अशी नुसती सूचना २०२१ साली विद्यापीठांस धाडली. जेथे नियम झाला नाही, तेथे श्रीपूरसारख्या गावाहून येणाऱ्या बाळंतिणीची हजेरी कोणाच्या तरी मर्जीवर! 'मूल मोठे झाल्यावर शिकावे' असे सांगणाऱ्या शहाण्यांस आम्ही विचारतो : थांबलेल्यांपैकी परतल्या किती? आणि बाप झालेल्या विद्यार्थ्याचे या नियमांत नावही नाही. संगोपन एकट्या आईचेच काय? दया नको, नियम हवा.