आपला इतिहास दुसऱ्याच्या दप्तरात

दीपोत्सवात नवी वही पूजावी आणि जुनी माळ्यावर चढवावी, हा आपला पिढ्यानपिढ्यांचा रिवाज आहे. माळा भरला की पुढे काय होते, हेही आपण जाणतो. काही वह्या रद्दीत जातात, काही नदीत सोडल्या जातात, उरलेल्या वाळवीच्या वाट्यास येतात. पुढे एखाद्या मंगलकार्याच्या निमित्ताने आपण वंशवृक्ष लिहावयास बसतो, तो पणजोबांच्या पलीकडे नावेच आठवत नाहीत. मग उणीव कल्पनेने भरून निघते आणि आपले कुळ थेट वस्तुपाळ-तेजपाळांपर्यंत जाऊन भिडते!

आमच्या मते ही रीत व्यापाऱ्यास शोभणारी नव्हे. ज्या रकमेस आधार नाही ती आपण जमा धरीत नाही; मग ज्या पूर्वजास लेखी आधार नाही, तो तरी वंशात का धरावा?

आधार शोधू जाता तो या वडोदरे नगरीत दुर्मिळ नाही. गायकवाडी दप्तराचा जुना भाग मराठीत व मोडी लिपीत आहे. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तथापि संस्थानकालीन कागदपत्रे आज राज्य अभिलेखागाराच्या येथील कार्यालयात सांभाळली जात आहेत. हरिभक्ती, मैराळ यांसारख्या पेढ्या दरबारास कर्ज देत, त्यामुळे सरकारी कागदांत सावकारांची नावे ओघानेच येतात. आपल्या मंदिरांतील धातुप्रतिमांच्या पाठीवर संवत, ज्ञाती, माता-पिता, भार्या आणि पुत्र यांची नावे कोरलेली आढळतात. आचार्य बुद्धिसागरसूरी यांनी असे लेख संकलित करून मोठेच उपकार केले आहेत. नगरोनगरीचे संघ आचार्यांस चातुर्मासाचे निमंत्रण देण्यासाठी जी विज्ञप्तिपत्रे पाठवीत, त्यांवर प्रमुख श्रावकांच्या सह्या असत. अशा पत्रांवरील हिरानंद शास्त्री यांचा ग्रंथ १९४२ साली वडोदऱ्यासच प्रसिद्ध झाला.

वहीवंचा बारोटांच्या वह्यांविषयी मात्र थोडे सावध राहावे. श्री. अ. म. शाह आणि श्री. रा. गो. श्रॉफ यांनी १९५८ साली त्यांच्यावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांस वंशावळकार आणि पुराणकथाकार अशी दोन्ही विशेषणे लाविली आहेत. अलीकडच्या पिढ्यांसाठी त्या वह्या अवश्य पाहाव्यात. फार प्राचीन नावे दुसरा पुरावा मिळेपर्यंत अनामत ठेवावीत.

परंतु या सर्वांहून घरगुती पत्रव्यवहाराचे मोल आम्ही अधिक मानतो. त्यात एक गंमत आहे. आपल्या घरी असतात ती आपल्यास आलेली पत्रे. आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वतः लिहिलेली पत्रे ज्यांस लिहिली त्यांच्या घरी असतात. म्हणजे आपला इतिहास बहुशः दुसऱ्याच्या दप्तरात पडलेला असतो, आणि दुसऱ्याचा आपल्या माळ्यावर.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. आमचे पणजोबा दरबारच्या निमंत्रणावरून वडोदऱ्यास पेढी घालावयास आले, अशी कथा आम्ही बालपणापासून ऐकत होतो. घरच्या वह्या आमच्याच अनास्थेने नष्ट झाल्या होत्या. काही वर्षांपूर्वी सोलापूरकडील एका जुन्या आडत्याच्या वंशजांनी आपले दप्तर आम्हांस दाखविले. त्यात पणजोबांची येथून गेलेली पत्रे निघाली. संवत १९५६ च्या, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांची उधारी बुडाली, दुकान मोडले, आणि ते येथे एका पेढीवर गुमास्ता म्हणून राहिले. निमंत्रण नव्हते, पदरी होते ते केवळ देणे. वाचताना प्रथम आम्हांस लाज वाटली. परंतु पुढे वर्षामागून वर्षे लहान लहान रकमांच्या हुंड्या गेल्याचा उल्लेख होता, आणि अखेरीस आडत्याच्या खतावणीत खाते चुकते झाल्याची नोंद होती. पाटल्या विकून आलेली एक रक्कम आडत्याने वेगळी जमा धरली होती, ती आमच्या पणजीच्या नावे. तोपर्यंत तिचे नाव घरात कोणासही ठाऊक नव्हते.

निमंत्रणाची कथा खोटी ठरली, याचे आम्हांस आता दुःख नाही. त्या कथेने आमच्या कुळातील सर्वांत अभिमानास्पद गोष्ट झाकून टाकली होती, याचे मात्र आहे.

म्हणून सभासद बंधूंस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, कोणतीही वही किंवा पत्रांचे बासन टाकण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत. आज हे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. दुसरी, आपल्याकडे कोणत्या गावच्या कोणत्या पेढीची पत्रे आहेत, याची यादी मंडळाच्या कार्यालयात द्यावी, म्हणजे त्या त्या घराण्यांस ती पाहता येतील. कोणाच्या देण्याघेण्याचा वा कलहाचा मजकूर निघाल्यास तो प्रथम त्याच घराण्यास दाखवावा, चव्हाट्यावर मांडू नये. तिसरी, मोडी व महाजनी अक्षर वाचणारे वडील हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ मुलामुलींस बसवावे. बिनमात्रेच्या लिपीत ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले जाऊन घरात रडारड झाल्याची गोष्ट आपण सर्वांनी हसत ऐकली आहे. वाचणाराच उरला नाही, तर हसण्यासारखे काही राहणार नाही.

तारखा लावतानाही दक्षता हवी. आपले संवत कार्तिकात बदलते. त्यातून डिसेंबरअखेर ५७ आणि जानेवारीपासून ५६ वजा करावे. दक्षिणेतील पत्रांवर शक असेल, तर चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि त्यापुढे ७९ मिळवावे.

आडत्याच्या वहीशी आपली वही ताडून पाहिल्यावाचून आपण वर्षाचा हिशेब मिटवीत नाही. कुळाचा हिशेबही तसाच ताडून पाहावा. या दीपावलीस नव्या वहीचे पूजन होण्यापूर्वी प्रत्येक घरी जुन्या दप्तराचे एक तरी बासन सोडले जावे, एवढीच आमची विनंती आहे.