पोलीस भरती: पात्रता आहे, तयारी कुठे आहे?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या मोहल्ल्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "आपल्या पोरांना कोण घेतंय?" आणि दुसरे, "घेतलं तरी तिथं जाऊन करायचंय काय?" पहिल्या वाक्यात निराशा आहे, दुसऱ्यात राग. दोन्हींना कारणे आहेत आणि ती मी नाकारत नाही. पण ही वाक्ये बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी जाहिरातीतील पात्रतेच्या अटी एकदा तरी नीट वाचल्या आहेत, हा माझा प्रश्न आहे.

आधी त्या अटीच पाहू. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, सोलापूर अशा शहरांत पोलीस आयुक्तालय असते, जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतात. शिपाई पदाच्या जागा अशा प्रत्येक घटकासाठी वेगळ्या निघतात. शिक्षण बारावी उत्तीर्ण. शाखा कोणतीही चालते. वय खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २८, मागासवर्गीयांसाठी ३३ पर्यंत. उंची मुलांसाठी किमान १६५ सेंटिमीटर, मुलींसाठी १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून त्यात ५ सेंटिमीटरची वाढ. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मैदानात निम्मे गुण मिळवून जे गुणवत्तेत वर राहतात त्यांना १०० गुणांची लेखी परीक्षा द्यावी लागते. तिचे विषय चार: अंकगणित, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण.

थेट फौजदार व्हायचे असेल तर पदवी लागते आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. निवड झालेले उपनिरीक्षक नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत घडतात. शिपाई म्हणून लागलेल्यालाही सेवेत राहून पुढे जायची वाट आहे. म्हणजे बारावी झालेल्या, सडपातळ, पहाटे उठू शकणाऱ्या कोणत्याही गरीब घरातल्या मुलासाठी हे दार आहे. भाजीच्या गाडीवर, गॅरेजमध्ये, यंत्रमागावर दिवसभर राबणारी आपली मुले अंगमेहनतीत कुणाला हार जाणारी नाहीत. मग ती अडतात कुठे?

माझ्या अनुभवात ती मैदानाच्या आधी कागदावर आणि मैदानानंतर मराठीच्या पेपरात अडतात.

कागदाचे आधी. महाराष्ट्रात अनेक मुस्लिम जाती इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत: मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मणियार अशी ही यादी आहे. छप्परबंद विमुक्त जातींत येतात. पण मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला उघडा. धर्म: मुस्लिम. जात: मुस्लिम. पहिलीत नाव घालताना वडिलांनी तेच सांगितले, शाळेनेही तेच लिहून घेतले. पंधरा वर्षांनी तो मुलगा जातीचा दाखला काढायला जातो तेव्हा त्याच्याकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा शाळेचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, काहीतरी लागतेच. मराठवाड्यात तर या जुन्या नोंदी निजामाच्या काळातल्या, उर्दूत लिहिलेल्या असतात आणि त्या वाचू शकणारा माणूस कार्यालयात नसतो. अर्जाची मुदत पंधरा-वीस दिवसांची आणि पुरावा शोधायला लागतात सहा महिने. मुलगा खुल्या प्रवर्गातून अर्ज भरतो, थोड्या गुणांनी मागे राहतो आणि घरी येऊन म्हणतो, "घेत नाहीत."

जात प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेयर, अधिवास हे कागद भरतीच्या मोसमात काढायचे नसतात. मूल शाळेत शिकत असतानाच जनरल रजिस्टरमधली नोंद तपासावी, चुकली असेल तर तेव्हाच पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज द्यावा. शाळा सुटल्यावर ही दुरुस्ती फार अवघड होते. ज्यांची जात या याद्यांत नाही त्यांच्यासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षण आहे, त्याला धर्माची अट नाही. हे आपल्याकडे किती घरांना माहीत आहे?

आता मराठीचे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे दुखणे रोज डोळ्यांसमोर असते. उर्दू माध्यमाचे मूल शाळेत मराठी शिकते ते सुलभभारतीतून आणि पुढे अक्षरभारतीतून, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या भाषेच्या पातळीवर. भरतीच्या पेपरात मात्र त्याला मराठी माध्यमाच्या मुलासोबत समास, संधी, प्रयोग, विभक्ती आणि अलंकार सोडवायचे असतात. इतकेच नाही, अंकगणिताचे शाब्दिक उदाहरण आणि बुद्धिमत्तेचा प्रश्नही मराठीतच असतो. ज्याला "च्या दुपटीपेक्षा तीनने कमी" हे वाक्य पहिल्या वाचनात कळत नाही, त्याचे गणित चांगले असूनही गुण जातात. मराठीचा पाया कच्चा राहिला तर त्याची किंमत चारही विषयांत मोजावी लागते.

पण हे ओझे वाटते तितके जड नाही, हेही वर्गातच दिसते. उर्दूत लिंगे दोनच, मराठीत तीन. "किताब" मोठी असते आणि "पुस्तक" मोठे. हे एकदा नीट समजावले की मूल पुढच्या चुका स्वतः पकडते. ज्याला उर्दूतला इजाफतचा मुरक्कब माहीत आहे, "साहिब-ए-खाना" म्हणजे घराचा मालक हे कळते, त्याला "गृहस्वामी"तला षष्ठी तत्पुरुष शिकवायला दहा मिनिटे पुरतात. आणि पोलीस ठाण्याची भाषा तर पाहा: फिर्याद, जबाब, गुन्हा, मुद्देमाल, जामीन, फरार, हवालदार, फौजदार, शिपाई. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत येऊन चारशे वर्षे मुरलेले आहेत. ज्या मुलाला वाटते की ठाण्यातली मराठी परकी आहे, त्याच्याच घरातले शब्द तिथल्या प्रत्येक कागदावर आहेत. फक्त ही ओळख त्याला कुणीतरी करून द्यायला हवी. सहावी-सातवीपासून आठवड्याला दोन तास व्याकरण आणि रोज एक मराठी वर्तमानपत्र एवढे केले, तर बारावीनंतर वाळंबेंचे व्याकरण हातात घेताना मूल घाबरणार नाही.

मदरशात शिकलेल्या मुलांबद्दलही बोलायला हवे. हिफ्ज पूर्ण केलेल्या मुलाची स्मरणशक्ती आणि शिस्त कुठल्याही अकादमीला हेवा वाटावा अशी असते. पण बारावीचे प्रमाणपत्र नसेल तर अर्जच भरता येत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला, मग बारावीला बाहेरून बसता येते. अठराव्या वर्षी ठरवले तरी वयाची मर्यादा गाठायला पुरेशी वर्षे हाताशी उरतात.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो: तिथं जाऊन करायचंय काय? हा राग हवेतून आलेला नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात पोलिसांमधल्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची नोंद केली आहे. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात पकडलेल्या ९ मुस्लिम तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये, दहा वर्षांनी. ज्या आईने हे पाहिले आहे ती मुलाला खाकीत पाहायला कचरली तर मी तिला दोष देणार नाही.

दाढीचा प्रश्नही आहे. राज्य राखीव पोलीस दलातील एका जवानाचे दाढीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात २०१२ मध्ये त्याच्या विरोधात गेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ज्याला या बाबतीत तडजोड नको त्याने दुसरा मार्ग निवडावा, हलाल रोजीचे मार्ग पुष्कळ आहेत. पण एका अटीमुळे अख्ख्या पिढीने पाठ फिरवावी, हे मला पटत नाही.

कारण बाहेर राहून ठाणे बदलत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की तिला मिळालेल्या आकडेवारीत पोलीस शिपायांमध्ये मुस्लिमांचा वाटा ६ टक्के होता. देशाच्या लोकसंख्येत तेव्हा आपण १३ टक्क्यांहून अधिक होतो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार आपण साडेअकरा टक्के आहोत. हसन गफूर आणि अहमद जावेद मुंबईचे पोलीस आयुक्त झाले याचा आपल्याला अभिमान आहे. पण नवऱ्याचा मार खाऊन रात्री दहाला ठाण्यात आलेल्या बाईची गाठ आयुक्तांशी पडत नाही, टेबलावरच्या हवालदाराशी पडते. तिची दखनी किंवा उर्दू त्याला कळली, तलाक आणि खुला यांतला फरक त्याला सांगावा लागला नाही, तर तिची फिर्याद नीट लिहिली जाते. म्हणून मुलींनीही यावे. त्यांच्यासाठी ३० टक्के जागा राखीव आहेत.

मुस्लिम पोलिसाने मुस्लिमांची बाजू घ्यावी, असे मी म्हणत नाही. तसे करणारा पोलीस नालायक ठरेल आणि कुरआननेही न्यायाची साक्ष देताना आपल्या माणसांकडे पाहू नका असेच शिकवले आहे. गणपतीच्या बंदोबस्तात रात्रभर उभा राहिलेला सलीम आणि मोहरमच्या बंदोबस्तात उभा राहिलेला संतोष एकाच गाडीतून डबा खात परततात, तेव्हा दोघांच्याही मनातले काही गैरसमज वाटेतच गळून पडतात. हे काम भाषणांनी होत नाही.

बारा-बारा तासांची ड्युटी, सणाला घरी नसणे, बदल्या, छोटे क्वार्टर हे सगळे या नोकरीत आहे. मुलांना ते लपवून सांगू नये. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, तोही आपल्याच वस्तीच्या शेजारी. तो सगळीकडे पूर्ण रुजेल तेव्हा रुजेल.

मोहल्ला कमिट्या आणि जमातींना माझे सांगणे साधे आहे. जलशावर खर्च होतो त्यातला थोडा भाग काढून एक अभ्यासिका, एक मराठीचा शिक्षक आणि एक स्टॉपवॉच घ्या. अल्पसंख्याक विभागाची भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना आहे, तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. फजरच्या नमाजनंतर झोपायला परत जाणाऱ्या दहा मुलांना मशिदीतूनच थेट मैदानावर न्या. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत धावले तर पूर्ण २० गुण मिळतात. आणि या आठवड्यात प्रत्येक बापाने शाळेत जाऊन मुलाच्या नोंदीतला जातीचा रकाना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. एवढे सगळे करूनही मुले मागे राहिली, तर "घेत नाहीत" ही तक्रार मी तुमच्याबरोबर उभा राहून करेन, आणि तेव्हा तिला वजन असेल.